कोलेस्टेरॉलला फेस येतो

रविवारी सकाळी साडेआठच्या आतच वाचनालयाच्या वरचा हॉल खच्चून भरायचा. दारात चपला-बुटांचा ढीग, आत खुर्च्यांच्या तीन रांगा आणि प्रत्येक खुर्चीपुढे एकेक निळा टब. खुर्चीत बसलेली माणसं पायजमे, पँटी, साड्या गुडघ्यापर्यंत वर घेऊन, पावलांना लालभडक लेप थापून अशी गंभीर बसलेली असत की जणू फोटो काढून घ्यायला आलीत. मग पांढरा कोट घातलेले प्रोफेसर टेबलावरची घंटा वाजवत, एकवीस जोड्या पाय एकदम कोमट पाण्यात जात आणि सगळा हॉल श्वास रोखून टबात बघू लागे.

मिनिटभर काहीच नाही. मग पाणी गढुळायचं. लेपाचा लाल रंग बघता बघता पिवळा पडायचा आणि पाण्यावर पिवळसर, मऊ, ओशट गोळे तरंगायला लागायचे.

"आलं! माझं आलं!"

"अगंबाई, एवढं सगळं माझ्या अंगात होतं?"

"त्यांच्या टबात बघा, वाटीभर निघालं. मी म्हणतच होते, चालताना धापा टाकतात."

ज्याच्या टबात जास्त गोळे त्याला लाजही वाटे आणि थोडा अभिमानही. प्रोफेसर रांगांमधून फिरत, पळीने गोळे उचलून उजेडात धरत आणि म्हणत, "मित्रांनो, मी देव मानत नाही. मी फक्त गुरुत्वाकर्षण मानतो. तुमच्या रक्तातला मेद कुठे उतरणार? वर की खाली? खाली! म्हणून तो पावलांत साठतो. आमचा लाल लेप रक्ताला खेचतो, टबातले ऊर्जा-स्फटिक मेदाला खेचतात. रक्त मागे राहतं, मेद वर येतो. साधं विज्ञान आहे!"

या साध्या विज्ञानाला पहिल्या रांगेतून सगळ्यांत जोरात टाळी वाजवणारा माणूस म्हणजे पुरावेबुवा.

आता हे नाव त्याला कसं पडलं ते सांगितलं पाहिजे. माणूस धंद्याने लाँड्रीवाला. वय अठ्ठावन्न, अंगाने भरलेला, स्वभावाने वकील. कुणी म्हणालं की अमक्या अंगठीने अमक्याची नोकरी टिकली, की हा इस्त्री आपटून विचारणार, "पुरावा काय?" लाँड्रीच्या मागच्या खोलीत भूत आहे अशी आवई उठली तेव्हा हा गडी तिथे दुपारी पथारी टाकून घोरला आणि संध्याकाळी उठून म्हणाला, भुताने माझ्या घोरण्याची तक्रार केलेली नाही. गल्लीत कुणी ताईत बांधला की त्याला गाठून तासभर ऐकवायचा. लोक कंटाळून त्याला पुरावेबुवा म्हणायला लागले. त्यातला 'बुवा' हा टोमणा आहे हे त्याला दहा वर्षं कळलंच नाही, तो आपला खूश.

असा माणूस टबात पाय घालून बसला कसा? त्याचं उत्तर हॉलच्या दारावर टांगलं होतं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : 'येथे देव, मंत्र, अंगारा व ताईत यांना प्रवेश नाही.' ही पाटी वाचताच पुरावेबुवा विरघळला. आयुष्यभर त्याने भोंदू ओळखायला एकच खूण पाठ केली होती, ती म्हणजे देवाचं नाव. जिथे देव नाही तिथे भोंदूही नाही, इतका सोपा त्याचा हिशेब. घराला कुलूप फक्त पुढच्या दाराला लावावं आणि मागचं सताड उघडं टाकून निश्चिंत झोपावं, तसा प्रकार.

आणि खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं, जे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी रक्ताच्या तपासणीत त्याचं कोलेस्टेरॉल दोनशे बासष्ट आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाणं सांभाळा, चाला, कदाचित रोजची गोळी लागेल. "रोजची म्हणजे किती दिवस?" त्याने विचारलं. "कायमची," त्या म्हणाल्या. पुरावेबुवा दवाखान्याच्या पायऱ्या उतरला तेव्हा त्याला एकदम म्हातारं वाटत होतं. पुढच्याच रविवारी प्रोफेसर भेटले. ते म्हणाले, सात बैठका, मग जन्मभर सुटका. कुणाला आवडणार नाही?

शिवाय प्रोफेसरांचं वाचन दांडगं. ते इतिहास सांगायला लागले की हॉल हसून हसून लोळे.

"शंभर वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने सशांना कोलेस्टेरॉल चारलं. सशांच्या रक्तवाहिन्या तुंबल्या. तुंबणारच! ससा काय खातो? गवत! आणि त्या सशावरून तुमच्या ताटातलं अंडं काढून घेतलं. अरे, तुम्ही ससे आहात का?"

"नाही!" हॉल ओरडे. पुरावेबुवाचा आवाज त्यात वरचढ.

"मग त्यांनी एक गोळी काढली. आकडा उतरला, पण खाणाऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू! गोळी बंद. मग दुसरी काढली. आकडा पुन्हा उतरला, आणि गोळी खाणारेच जास्त मेले! हे मी म्हणत नाही. त्यांचीच पुस्तकं म्हणतात."

पुरावेबुवाने घरी जाऊन शोधाशोध केली. ससे खरे निघाले. मोतीबिंदू खरा निघाला. जास्तीची मरणंही खरी निघाली. झालं, पुरावा मिळाला! टबातले गोळे कुठून येतात हे मात्र शोधायचं त्याला सुचलं नाही. तीन गोष्टी खऱ्या निघाल्यावर चौथी उधारीवर पदरात घ्यायची, ही शहाण्या माणसांची जुनी खोड.

पाच बैठकांनंतर त्याचा आकडा दोनशे अडतीसवर आला. प्रोफेसरांच्या छापील पत्रकात तळण बंद, लोणी बंद, रोज तासभर चालणं असंही लिहिलेलं होतं आणि पुरावेबुवा ते इमानेइतबारे पाळत होता. पण श्रेय टबाला गेलं. चालणाऱ्या पायांना कोण विचारतो, पाण्यात बसलेल्या पायांची वाहवा. प्रोफेसरांनी त्याला व्यासपीठावर बोलावलं, त्याच्याच पावलांतून निघालेला मेद काचेच्या बरणीत भरून त्याला भेट दिला आणि दर रविवारी अनुभव सांगायचं काम त्याच्याकडे आलं.

इथपर्यंत ही नुसती हसण्याची गोष्ट होती. पण त्याला एक मोठा भाऊ होता.

दादा शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळून शाळेत सोडली, एकदाही ब्रेक दाबायला चुकला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका आला, हृदयाच्या नळीत जाळी बसवली आणि रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. दादा स्वभावाने भोळा, पण आपण फसणार नाही याची त्याला खात्री, कारण त्याच्याकडे धाकटा भाऊ होता. काहीही घ्यायचं, करायचं झालं की तो म्हणे, "आमच्या धाकट्याला विचारतो. तो पुराव्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही." कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखतात अशी त्याची कुरकुर होतीच. धाकट्याने त्याला हॉलमध्ये नेलं, टबात त्याचा मेद दाखवला आणि सांगितलं, "दादा, माझ्या जबाबदारीवर ही गोळी सोड."

दादाने त्याच संध्याकाळी गोळीची पाकिटं केराच्या टोपलीत टाकली. त्याला सात आठवडे झाले होते.

*

बरणी लाँड्रीच्या काउंटरवर, पावतीपुस्तकाशेजारी मानाने ठेवलेली असे. बायको तीन महिने लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, ती सोमवारी परतली. लाँड्रीचं धुण्याचं खातं तिच्याकडे. हॉटेलांच्या चादरी, रुमाल, टेबलांवरची कापडं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. आल्या आल्या तिची नजर बरणीवर पडली.

"अहो, कुणाच्या चादरी नासवल्यात?"

"म्हणजे?"

"हे काय बरणीत? साबण नासलाय तुमचा. मी घरात नसले की इकडे राज्य कुणाचं!"

इथे वाचकाला धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कपडे साबणाने धुतल्यावर शेवटी त्यांना किंचित आंबट पाणी देतात, म्हणजे कापड पिवळं पडत नाही. पण त्याआधी साबण पुरता निघाला पाहिजे. साबण उरला असताना आंबट पडलं तर तो फुटतो, दुधासारखा नासतो आणि त्याचे ओशट गोळे कपड्यांना चिकटतात. लाँड्रीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पुरावेबुवाने स्वतः तीस वर्षांत निदान पन्नास जणांना या चुकीवरून फैलावर घेतलं होतं.

"अगं, साबण काय म्हणतेस?" पुरावेबुवा दुखावला. "हे माझं कोलेस्टेरॉल आहे!"

बायकोने झाकण काढलं, वास घेतला, चिमूटभर गोळा बोटांत चोळला. "मग तुमच्या रक्तात आपल्या दुकानातला साबण वाहतोय. कुठून काढलंत हे?"

त्याने सगळी कहाणी सांगितली. लेप, टब, स्फटिक, लालाचं पिवळं. ऐकता ऐकता तिच्या भुवया चढत गेल्या.

"लेप लाल होता? आणि पाण्यात पिवळा झाला?"

"रक्त मागे राहतं आणि—"

"हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि आंबटाने पुन्हा पिवळा होतो, हे त्याच्या दुकानात कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"साबणात हळद कालवली की लाल लेप," बायको म्हणाली. "पाण्यात लिंबूसत्त्व टाकलं की ऊर्जा-स्फटिक. थांबा."

तिने एका वाडग्यात गरम पाणी घेतलं, धुण्याचा सोडा टाकला, बरणीतले गोळे त्यात ओतले आणि लाकडी दांडीने घुसळलं. गोळे विरघळले. पाणी लाल झालं. आणि मग वर फेस आला, दाट, भरघोस. तिने त्याच्या खिशातला रुमाल ओढून काढला, त्या पाण्यात खळखळून चोळला आणि त्याच्यासमोर पिळून झटकला. रुमालावर तांबूस रंग चढला होता खरा, पण शाईचा जुना डाग सोडून बाकी मळ साफ गेला होता.

"बघा," ती म्हणाली. "तुमच्या कोलेस्टेरॉलला फेस येतो. उद्यापासून हॉटेलच्या चादरींना तुम्हालाच बुडवते."

पुरावेबुवा स्टुलावर बसला. आधी त्याला हसू आलं. तीस वर्षं जो घोटाळा आपण बादलीत ओळखला, तो स्वतःच्या पायांभोवती आल्यावर ओळखला नाही! साबण म्हणजे तेल आणि सोड्यासारखा खार यांची मोट. आंबट पडलं की खार त्याला जाऊन मिळतो आणि तेल सुटं होऊन वर येतं. सोडा घातला की पुन्हा साबण होतो. यात ना रक्त, ना मेद. आपल्याला साधं एवढं सुचू नये? अक्कल काय टबाबाहेर काढून ठेवली होती?

मग त्याला दादा आठवला आणि हसू जागच्या जागी विझलं.

*

डॉक्टरीणबाईंना टब, प्रोफेसरांची व्याख्यानं, दादाची सोडलेली गोळी असं सगळं सांगून तो मान खाली घालून बसला. त्या रागावल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं.

"तुमच्या प्रोफेसरांनी इतिहास खोटा सांगितला नाही," त्या म्हणाल्या. "अर्ध्यावर थांबवला. सशांवरून थेट माणसांबद्दल बोलता येत नाही, ही शंका डॉक्टरांनीच काढली होती. त्यावर भांडणं पन्नास-साठ वर्षं चालली. हजारो माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, कुणाला झटका येतो, कुणाला नाही. मोतीबिंदूवाली गोळी बाजारात आली, तिच्या कंपनीने प्राण्यांवरचे वाईट निकाल लपवले होते. ते उघड झालं आणि गोळी गेली. दुसऱ्या गोळीने झटके थोडे कमी झाले, पण एकूण मरणं वाढली. हे कसं कळलं? गोळी घेणारे आणि न घेणारे, दोन्हीकडची माणसं मोजली म्हणून. लाज वाटावी असा निकाल होता, तरी छापला. तुमच्या प्रोफेसरांनी त्यांच्या टबाची एक तरी चूक कधी सांगितली?"

"नाही."

"मग एकाने हजारो बुरशा तपासल्या. एका बुरशीत कोलेस्टेरॉलचं उत्पादन रोखणारा पदार्थ सापडला. तरी कुणी लगेच ढोल वाजवला नाही, कारण आकडा उतरणं निराळं आणि माणूस वाचणं निराळं. हृदयविकाराचे साडेचार हजारांच्या आसपास रोगी घेतले. अर्ध्यांना त्या जातीची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाची कुठली हे रोग्यालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. पाच वर्षांहून अधिक थांबले. पोकळ गोळीवाल्यांत शंभरातले बारा गेले. खऱ्या गोळीवाल्यांत आठ."

"फक्त चारांचा फरक?"

"फक्त चारांचा. आणि शंभरातले ते चार कुठले, हे कुणीच सांगू शकत नाही."

एरवी पुरावेबुवा म्हणाला असता, चार म्हणजे काय, किरकोळ. पण आता त्या चौघांतला एक चेहरा त्याला स्पष्ट दिसत होता. पायजम्याची नाडी सोडून बसणारा, चहा बशीत ओतून पिणारा.

"दादांना उद्याच आणा," त्या म्हणाल्या. "गोळीने पाय दुखत असतील तर मात्रा बदलता येते, दुसरी देता येते. पण झटका येऊन गेलेल्या माणसाने अशी सोडायची नसते."

दादाने मात्र साफ नकार दिला.

"तू सांगितलंस म्हणून सोडली. आता तू सांगतोस म्हणून घ्यायची? मी काय तुझ्या लाँड्रीतला शर्ट आहे, उलटा कर, सुलटा कर?"

"दादा, तो साबण होता रे."

"मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या पायांतून आलं. आणि पायही दुखायचे थांबलेत. तुला बायकोने भरवलंय काहीतरी."

"माझी चूक झाली."

"तुझी चूक होत नाही," दादा चिडून म्हणाला. "आजवर झालेली नाही." हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की पुरावेबुवाला वाटलं, याच्याऐवजी कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

*

मग त्याने बेत रचला. अर्थात बेत रचताना जुना तोरा पुन्हा वर आला. समोरच्या मोजेवाल्याच्या दुकानात काचेत एक प्लास्टिकचा पाय उभा असे, मोजा घालून. तो त्याने मागून आणला आणि रविवारी सकाळी काखेत मारून निघाला. रस्त्यात तीन जणांनी विचारलं की बाकीचा माणूस कुठे आहे.

हॉल नेहमीसारखा भरलेला. दादा तिसऱ्या रांगेत, सातवी बैठक घ्यायला आलेला. बायको मागे उभी, हातात कापडी पिशवी. प्रोफेसरांनी मोठ्या प्रेमाने जाहीर केलं, "आता आपले पुरावेबुवा अनुभव सांगतील."

पुरावेबुवा व्यासपीठावर चढला. "मंडळी, आज अनुभव माझा नाही. या गृहस्थांचा आहे." आणि त्याने प्लास्टिकचा पाय वर केला. हॉल हसला. प्रोफेसर काही बोलायच्या आत त्याने त्यांच्याच डब्यातला लेप त्या पायाला फासला आणि पाय टेबलावरच्या टबात सोडला. मिनिट गेलं. पाणी गढुळलं, लालाचं पिवळं झालं आणि गोळे तरंगू लागले.

"बघा! या पायाने जन्मात अंडं खाल्लेलं नाही. लोणी पाहिलेलं नाही. तरी याचं कोलेस्टेरॉल तुमच्यापेक्षा जास्त!"

हॉलमध्ये कुजबुज उठली. पुरावेबुवाला वाटलं, संपलं, जिंकलो. पण प्रोफेसर हाडाचे कसबी. ते शांतपणे हसले.

"वा! फार सुंदर प्रयोग. मित्रांनो, प्लास्टिक कशापासून बनतं? खनिज तेलापासून! आमचा लेप इतका प्रभावी आहे की त्याने प्लास्टिकमधलंसुद्धा तेल बाहेर खेचलं!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्याअधिक हॉलने! दादानेही. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर विचारलं, घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांना लेप लावला तर चालेल का. पुरावेबुवा पाय हातात धरून उभा राहिला. गेले तीन महिने आपण कुठल्या बाजूला बसून टाळ्या वाजवत होतो, ते त्याला आता वरून नीट दिसत होतं.

"अहो!" मागून बायकोचा आवाज आला. "तो पाय बाजूला ठेवा आधी! पाय हवाच कशाला?"

ती पुढे आली, पदर खोचला, दुसरा भरलेला टब टेबलावर ओढला. त्यात कुणाचा पाय नाही, प्लास्टिकचाही नाही. तिने चमचाभर लेप घेऊन नुसता पाण्यात टाकला आणि बाजूला झाली. सगळे वाकून बघत होते. पाणी गढुळलं. लालाचं पिवळं झालं. गोळे वर आले.

"आता सांगा," ती प्रोफेसरांना म्हणाली, "ही चरबी कुणाची? टबाची की चमच्याची?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रोफेसर म्हणाले, "ही आमची खास प्रक्रिया आहे, सामान्य माणसाला—" पण तोवर तिने पिशवीतला सोडा काढून त्याच टबात ओतला होता, गोळे घुसळले होते आणि लालसर फेस टबाच्या काठावरून टेबलावर, टेबलावरून प्रोफेसरांच्या पांढऱ्या कोटावर उतू जात होता. मग पुरावेबुवाने साबण कसा फुटतो, हळद कशी रंग बदलते, सगळं सांगितलं. "आणि हे सगळं," तो म्हणाला, "मला तीस वर्षं माहीत आहे. माझा धंदाच आहे तो. पण दारावर देवाचं नाव नव्हतं, अंगात पांढरा कोट होता आणि मला जे ऐकायचं होतं तेच कुणी सांगत होतं. मग डोळे असून काय उपयोग?"

प्रोफेसरांना परगावचं तातडीचं व्याख्यान आठवलं. ते मागच्या दाराने गेले. टब सोडून गेले, ते पुढे बरेच दिवस वाचनालयात छप्पर गळायचं तिथे ठेवलेले होते.

लोक पाय पुसायला लागले. तेव्हा तिसऱ्या रांगेतून दादा उठला. त्याच्या पावलांवर लाल लेप तसाच होता.

"धाकट्या," तो म्हणाला. "अख्ख्या गावाला तू विचारतोस, पुरावा काय. माझी गोळी सोडायला लावताना स्वतःला का नाही विचारलंस?"

पुरावेबुवाने ओठ चावला. खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "मला गोळी घ्यायची नव्हती, दादा. मला म्हातारं व्हायचं नव्हतं. एकट्याने सोडायला भीती वाटत होती, म्हणून तुला बरोबर घेतलं. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही."

दादाने टबात पाय बुडवून लेप धुतला आणि चपला शोधायला लागला.

सोमवारी दोघे भाऊ डॉक्टरीणबाईंसमोर बसले. दादाने तासभर प्रश्न विचारले. किती माणसांवर बघितलं, कुणाशी ताडून पाहिलं, किती वाचले, किती जणांचे पाय दुखले, साखर किती जणांची वाढली. पुरावेबुवाला आयुष्यात प्रथमच असे प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेले ऐकू येत होते आणि तो मध्ये तोंड घालत नव्हता, हेही प्रथमच. स्वतःच्या गोळीचं त्याने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्हाला झटका आलेला नाही. तुमचा फायदा कमी, त्यामुळे हिशेब निराळा. तीन महिने चाला, मग पुन्हा बघू." त्याने नुसती मान हलवली.

वाचकहो, एवढंच सांगायचं आहे. पांढरा कोट हा पुरावा नाही आणि देवाचं नाव नसणं हाही पुरावा नाही. डोळ्यांनी दिसलं हा तर मुळीच नाही. ज्याच्यामुळे घडलं म्हणतात ते काढून घ्या आणि तरीही घडतं का ते बघा. आणि जी गोष्ट ऐकून मनाला फार बरं वाटतं, तिला दुप्पट प्रश्न विचारा.

शेवटी दादाने विचारलं, "त्या वाचलेल्या चौघांत मी आहे की नाही, हे मला कधी कळेल?"

"कधीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही ऐंशी वर्षांचे झालात तरी गोळीमुळे झालात, असं मी सांगू शकणार नाही."

दादाने कमी मात्रेची नवी गोळी तळहातावर घेतली, भावाकडे बघितलं आणि म्हणाला, "पाणी दे."

पुरावेबुवा उठला आणि पेला भरून घेऊन आला. पुढे करता करता त्याने अर्धं पाणी दादाच्या पायजम्यावर सांडलं.